केशवराव दाते : एका चरित्रनटाची वाटचाल

नायकाची भूमिका करणाऱ्या नटास प्रेक्षकांचे प्रेम अर्धे आधीच लाभलेले असते. तारुण्य, रूप आणि नाटककाराची सहानुभूती ही तिन्ही त्याच्या बाजूची असतात. चरित्रनटाचे तसे नाही. म्हातारा बाप, करडा गुरू, चुकलेला गृहस्थ अशी माणसे त्यास उभी करावयाची असतात, आणि त्यांच्याविषयी प्रेक्षकांचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. ते मत डळमळीत करणे हेच या कलेचे खरे काम होय. केशवराव दाते (१८८९-१९७१) यांची दीर्घ कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

केशवराव वाढले ते महाराष्ट्र नाटक मंडळीत. ही मंडळी गद्य नाटके करणारी. तेथे पदांचा आधार नाही. सारी मदार शब्दांवर. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविणे हा नटाचा पहिला धर्म. पुढे १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या कृतीवरून श्री. वि. वर्तकांनी रचलेले 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यातही केशवराव होते. माणसे घरात बोलतात तसे रंगभूमीवर बोलावे, हा त्या प्रयोगाचा आग्रह होता.

चित्रपटात जाताना ही दुसरी शिकवण त्यांच्या उपयोगी पडली असावी. 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) राजगुरूची भूमिका हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी व मराठी आवृत्तीत केशवरावांनी केली. परंतु त्यांचे सामर्थ्य खऱ्या अर्थाने प्रकटले ते व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'त (१९३७). ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. नीरा या तरुणीस फसवून तिचा विवाह वयोवृद्ध विधुर वकील काकासाहेब यांच्याशी लावून दिला जातो, आणि ती या विवाहास मान्यता देण्याचे साफ नाकारते. शांता आपटे यांची नीरा तेजस्वी आहे. प्रेक्षक प्रथमपासून तिच्याच पक्षाचा.

अशा वेळी काकासाहेबांना केवळ हास्यास्पद थेरडा करून सोडणे सोपे होते. केशवरावांनी तसे केले नाही. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. प्रसंगाला सुरावटीचा टेकू मिळत नाही. फुटलेल्या आरशातील आपलीच अनेक प्रतिबिंबे पाहणारा तो वृद्ध आठवावा. त्याचा अन्याय तेथे लपत नाही, पण आपण केलेला अन्याय त्यालाच उमगू लागला आहे, हे आपणांस दिसते. शेवटी तो नीरेस मोकळे करण्यासाठी प्राण देतो. प्रेक्षक नीरेचा पक्ष सोडत नाही, तरीही त्या वृद्धासाठी हळहळतो. यात चरित्रनटाचा विजय आहे.

यानंतर वडीलकीच्या भूमिका त्यांच्याकडे येत राहिल्या. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त (१९४६) चीनला जाणाऱ्या डॉक्टरचे पिता, 'झनक झनक पायल बाजे'मध्ये (१९५५) नृत्यगुरू, 'नवरंग'मध्ये (१९५९) कवीचे वडील. स्थान दुय्यम, पण त्याविना मुख्य पात्रास आधार राहत नाही.

शिक्षकाच्या व्यवसायात प्रस्तुत लेखकाने हे अनुभविले आहे की, चुकलेल्या मुलास निर्दोष न ठरविता समजून घेणे ही फार अवघड गोष्ट आहे. 'कुंकू' पाहताना विद्यार्थी आरंभी काकासाहेबांना हसतात. आरशाच्या प्रसंगापाशी हसू थांबते. न्याय आणि करुणा एकाच मनात नांदू शकतात, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा त्या नटाने अधिक चांगला शिकविला आहे.