रुळांवरील माणूस कोठे आहे?

दौंड स्थानकावर गाडीची वाट पाहण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकी पुष्कळांवर आला असेल. शिरूरास रेल्वे नाही. त्यामुळे तिकडील कित्येक कुटुंबांनाही दूरच्या प्रवासासाठी दौंड गाठावे लागते. मुंबईहून सोलापूरमार्गे दक्षिणेस जाणारा लोहमार्ग आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा फाटा येथेच मिळतात. गाडीस उशीर झाला की आपण रेल्वेस दोष देतो. परंतु ती सुखरूप आली तर ते श्रेय कोणाचे, हा विचार क्वचितच मनात येतो.

ते श्रेय पुष्कळ अंशी रुळांवर पायी फिरणाऱ्या माणसाचे आहे. कीमन रोज आपला ठरलेला टापू चालून रुळांची बंधने तपासतो. कडक थंडीत रूळ आकसून तडकतात, पावसाळ्यात भराव खचतो. म्हणून त्या दिवसांत रात्रीही गस्त असते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली जो अहवाल दिला, त्यात सुमारे चार वर्षांत कामावर असता मृत्यू पावलेल्या रेल्वे-नोकरांची संख्या सुमारे १६०० दिली आहे!

मार्ग धोक्याचा असल्यास ६०० मीटरांवर तांबडे निशाण आडवे लावावे व १२०० मीटरांवर रुळांवर तीन फटाके ठेवावेत, ही जुनी रीत. साध्या दुरुस्तीत मात्र शिटी घेऊन उभा असलेला पहारेकरी हाच आधार. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी ६०० मीटर अंतर अवघ्या वीस सेकंदांत तोडते. पूर्वीचे वाफेचे इंजिन धडधडत येई. विजेचे त्या मानाने निःशब्द येते. धुक्यात किंवा वळणावर पहारेकऱ्याची दृष्टी तरी किती पोहोचणार?

हल्ली दोन प्रकारची यंत्रे उपयोगात आली आहेत. पहिले जीपीएसचे. गस्तवाल्याजवळील हे लहानसे यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून त्याचे ठिकाण ओळखते व ते कचेरीत कळविते. दुसऱ्याचे नाव 'रक्षक'. गाडी स्थानकावरून सुटण्यासाठी सिग्नल पडला की तेथून बिनतारी संदेश निघतो, आणि कामगाराजवळील यंत्र आवाज, प्रकाश व कंप यांनी त्यास सावध करते.

या दोहोंतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कामगार कोठे आहे हे वरिष्ठांस कळणे निराळे, आणि गाडी कोठे आहे हे कामगारास कळणे निराळे. पहिल्याने हजेरी चोख राहील, संकटात मदतही धाडता येईल. परंतु जीव वाचावयाचा तो दुसऱ्यानेच. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ चार कामगार ठार झाले, ते प्रवासी गाडीखाली नव्हे, तर विजेच्या तारांच्या दुरुस्तीसाठी फिरणाऱ्या रेल्वेच्याच वाहनाखाली. तेव्हा रुळांवर येणारे प्रत्येक वाहन, मग ते कोणत्याही दिशेने येवो, कामगारास आधी कळले पाहिजे. एवढे झाले तरच यंत्राचा खर्च सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.

आपणांसही थोडे करण्यासारखे आहे. काम चालू असलेल्या जागी गाडी मंदावली, तर त्रासून घड्याळ पाहण्याऐवजी मुलांना खिडकीतून ती माणसे दाखवावीत. गाडी पुढे जाईपर्यंत बाजूस उभी असलेली ही मंडळी लगेच पुन्हा रुळांवर उतरणार असतात. त्यांच्या घरीही सायंकाळी कोणी वाट पाहत असते.