नागोठण्याहून देवमासा बघायला निघताय? आधी गणित समजून घ्या

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मोबाईलवर एक रील हमखास फिरतं. निळाशार समुद्र, पाण्याबाहेर उसळलेला प्रचंड देवमासा आणि खाली ओळ, 'हे परदेशात नाही, आपल्या कोकणात!' मग ग्रुपवर चर्चा सुरू होते. नागोठण्याहून समुद्र तर जवळच आहे, मग एका रविवारी देवमासा बघून यायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. पण कोकणात काय दिसतं, कधी दिसतं आणि काय दिसत नाही, हे आधी माहीत असलं तर पैसेही वाचतील आणि हिरमोडही होणार नाही.

कोकणात देवमासे आहेत का?

आहेत. २०१५ साली सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसले होते. निळा देवमासा म्हणजे पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या रायगडमधल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटांचा देवमासा अडकला आणि तिथेच मेला. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तेच हे रेवदंडा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. बरेच तास झटून लोकांनी त्याला समुद्रात सोडलं, पण ते वाचलं नाही.

म्हणजे देवमासे आपल्या समुद्रात आहेत. पण किनाऱ्यावर आलेला देवमासा बहुतेक वेळा आजारी, जखमी किंवा आईपासून तुटलेला असतो. निरोगी देवमासा बघायचा तर खोल पाण्यात जावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

अडचण उथळ समुद्राची

भूगोलाच्या पुस्तकातली 'समुद्रबूड जमीन' आठवतेय? किनाऱ्यापासून समुद्राखाली हळूहळू उतरत जाणारा हा उथळ भाग म्हणजेच भूखंडमंच. मुंबईसमोर तो सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे जावं तसा तो अरुंद होतो. श्रीलंकेतल्या मिरिसा गावासमोर तर खोल समुद्र किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच सुरू होतो. म्हणूनच तिथे साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात रोज सकाळी देवमासे दाखवायला बोटी निघतात.

आपल्याकडच्या तासाभराच्या बोटफेरीत तेवढं खोल पाणी गाठणं शक्यच नाही. त्यामुळे कुणी 'देवमासा नक्की दाखवतो' असं सांगून पैसे मागत असेल, तर सरळ नाही म्हणा.

मग दिसतं काय?

डॉल्फिन. डॉल्फिन हा देवमाशाच्याच कुळातला. तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे. तो पिल्लाला दूध पाजतो आणि श्वास घ्यायला पाण्यावर येतो. आपल्या किनाऱ्याला दिसतो तो मुख्यतः पाठीवर उंचवटा असलेला राखाडी डॉल्फिन. त्याला उथळ पाणी आणि खाड्यांची तोंडं आवडतात, म्हणून तो किनाऱ्यावरूनही दिसू शकतो. पण हीच आवड त्याला महागात पडते. जाळी, बोटी आणि सांडपाणी हे सगळं त्याच पट्ट्यात असतं. जगभरात ही जात धोक्यात आलेली आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे.

कुठे जायचं?

नागोठण्याहून जवळचा पर्याय म्हणजे रोह्यामार्गे मुरूड आणि राजपुरी खाडीचा परिसर, किंवा त्यापुढे दिवेआगर-श्रीवर्धन. डॉल्फिन फेरीसाठी जास्त प्रसिद्ध आहेत दापोली तालुक्यातले मुरूड आणि कर्दे. लक्षात घ्या, मुरूड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरूड रायगडमध्ये, दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात. नकाशात नाव टाकताना जिल्हा बघा, नाहीतर खोली एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे! तीन-चार दिवस हाताशी असतील तर कोकण रेल्वेने कुडाळला उतरून तारकर्ली-देवबाग गाठा.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पाणी गढूळ असतं आणि पर्यटकांच्या बोटी बंद असतात. वेळ सकाळची निवडा. वारा कमी असतो आणि शांत पाण्यावर डॉल्फिनची पाठ पटकन दिसते.

तारीख ठरवताना भरती बघा. त्यासाठी कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर १० ची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास भरती. चतुर्थीला भरती ३ ला, म्हणजे सकाळी ९ च्या आसपास ओहोटी आणि बोट चिखलात किंवा वाळूत टेकलेली. म्हणून सकाळच्या फेरीसाठी अष्टमी ते एकादशी हे दिवस सोयीचे. हा अंदाज आहे, नेमकी वेळ बोटवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा.

बोटीत बसल्यावर

लाईफ जॅकेट सगळ्यांना, लहान मुलांना त्यांच्या मापाचं. भाडं माणशी आहे की पूर्ण बोटीचं, हे आधीच ठरवा.

आणि बोटवाल्याला एक गोष्ट तुम्हीच सांगा, 'दादा, पाठलाग नको.' अमेरिकेत डॉल्फिनपासून ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर लांब राहायला सांगतात. तेवढं अंतर ठेवून इंजिन मंद केलं, तर डॉल्फिन बिथरत नाहीत आणि जास्त वेळ दिसतात. कळपाच्या मधून बोट घालू नये, आई आणि पिल्लाच्या मध्ये तर अजिबात नाही. बोटवाले पाठलाग करतात कारण गिऱ्हाईकच 'अजून जवळ घ्या' म्हणतं. गिऱ्हाईकाने मागणी बदलली की बोटही थांबते.

किनाऱ्यावर अडकलेला दिसला तर?

वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर फोन करा. गर्दी हटवा. अंगावर ओलं कापड टाका, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. शेपटी धरून ओढू नका. पाठीवर बसून सेल्फी तर नकोच. जाळ्यात असा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्य सरकारच्या योजनेतून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ओळखीच्या कोळी बांधवांना हे जरूर सांगा.

आणि किनाऱ्यावर कुणी 'देवमाशाची उलटी' विकायला आणली, तर चार हात लांब राहा. आपल्या देशात तिची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कोकणात लोकांना अटकही झाली आहे.

बाकी, तासभर फिरून एकही डॉल्फिन दिसला नाही, असंही होतं. ते प्राणी आपल्या वेळापत्रकाने चालत नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी ते रील आलं की ग्रुपवर एवढंच लिहा, 'देवमाशाची खात्री नाही, डॉल्फिनची शक्यता आहे. दशमी कधी आहे बघा.'