काळजाचा ठावठिकाणा

मराठी माणसाचे काळीज नेमके कोठे असते, हा प्रश्न कवीला विचारला तर तो छातीच्या डाव्या अंगाला हात नेईल, आणि खाटकाला विचारला तर तो आकड्याला लटकलेल्या एका तपकिरी, गुळगुळीत, जड मांसपिंडाकडे सुरीचे टोक करील. परवाच्या रविवारी, हृदयाची रचना एकदा स्वतःच्या डोळ्यांखालून घालावी या हेतूने मी दुकानात गेलो आणि मोठ्या पुस्तकी आत्मविश्वासाने बोकडाचे एक अखंड काळीज मागितले, तेव्हा त्या गृहस्थाने माझ्या चष्म्याकडे क्षणभर पाहून मला ताळ्यावर आणले: "गुरुजी, काळीज म्हणजे ही कलेजी. तुम्हाला धडधडतं ते पाहिजे ना? त्याला दिल म्हणा. ते वेगळं कुणी मागत नाही, कलेजीसंगं देतो टाकून."

खाटकाचे हे शरीरशास्त्र कोशकारांनाही मान्य व्हावे असे आहे. अमरकोशात 'कालखण्ड' हा शब्द यकृताचा पर्याय म्हणून आलेला आहे आणि आपले काळीज काय किंवा हिंदुस्थानीतला कलेजा काय, दोघांचेही गोत्र त्याच काळसर अवयवाशी जाऊन मिळते. म्हणजे पिढ्यान् पिढ्या ज्याला आपण भीतीने धडधडवले, दुःखाने फाडले आणि पोटच्या पोराला ज्याचा तुकडा म्हणून कुरवाळले, ते मुळात पित्त गाळीत बसणारे यकृत होय.

हा नुसता शब्दांचा घोटाळा असता तर सोडून देता आला असता. परंतु रक्ताचे मुख्य ठाणे यकृतात आहे, असे जुने वैद्यकही मानीत होते. सुश्रुताने हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळाची उपमा दिली, आणि छातीतून काढलेले हृदय ज्याने पाहिले असेल त्याला ती किती नेमकी आहे हे सांगावे लागणार नाही. पण रक्ताचे स्थान मात्र त्याने यकृत आणि प्लीहा येथे ठेवले. तिकडे रोमच्या दरबारी, मार्कस ऑरेलियस बादशहाच्या पदरी असलेल्या गेलेन या वैद्याने दुसऱ्या शतकात जी व्यवस्था मांडली, तिच्यातही अन्नरसाचे रक्त यकृतात बनते, ते शिरांवाटे अंगभर पसरते आणि पाटाचे पाणी वाफ्यात मुरावे तसे जिकडच्या तिकडे मुरून संपते; त्यातला थोडा अंश हृदयाच्या उजव्या भागातून मधल्या भिंतीच्या अदृश्य छिद्रांवाटे डावीकडे झिरपतो आणि तेथे वायूशी मिसळून तेजस्वी होतो. ही छिद्रे कोणी पाहिली नव्हती, तरी सुमारे 1400 वर्षे ती पुस्तकांत सुखाने नांदली. तेराव्या शतकात कैरो येथील इब्न अल्-नफीस या वैद्याने 'भिंत घन आहे, तिला छिद्र नाही. रक्त फुप्फुसांतूनच पलीकडे जाते' असे स्वच्छ लिहून ठेवले होते, पण त्याचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन विद्यार्थ्याच्या हाती लागायला 1924 साल उजाडावे लागले. दप्तरात सत्य पडून राहणे हा प्रकार केवळ आपल्याच कचेऱ्यांतून घडतो असे नाही.

असो. दिल घरी आले. स्वयंपाकघरात त्याला प्रवेश मिळण्याची आशा नसल्यामुळे मागल्या पडवीत, जुन्या वर्तमानपत्रावर, त्याची मांडणी झाली. माणसाचे हृदय याहून मोठे, ज्याच्या-त्याच्या मुठीएवढे, प्रौढपणी साधारण 250 ते 350 ग्रॅम वजनाचे. पण बांधणी हीच. ते डावीकडे असते ही समजूत अर्धीच खरी आहे: छातीच्या मधल्या हाडामागे, दोन फुप्फुसांच्या बेचक्यात, श्वासपटलावर टेकून ते तिरपे बसलेले असते आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे कललेला असतो, निमुळते टोक पाचव्या व सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत छातीच्या भिंतीवर आपटते म्हणून आपला हात आपोआप तिकडे जातो. भोवती दुपदरी पिशवी असते आणि दोन पदरांच्या मध्ये थोडा ओशट द्रव असतो, त्यामुळे दिवसाला लाखभर वेळा हालचाल होऊनही कोठे घासत नाही.

आत चार दालने असतात हे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. आपल्या परिभाषाकारांनी वरच्या दोहोंना 'अलिंद' आणि खालच्या दोहोंना 'निलय' अशी नावे दिली, ती मला जुन्या पुस्तकांतल्या 'कर्णिका' आणि 'जवनिका' यांच्याहून सरस वाटतात. कारण अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी आणि निलय म्हणजे राहते घर, आणि बाहेरून आलेल्याने आधी ओसरीवर टेकावे, मग आत जावे, हा रिवाज रक्तही पाळते. हृदय हा दोन बिऱ्हाडांचा वाडा आहे. उजवे बिऱ्हाड अंगभर फिरून आलेले काळपट रक्त घेते व फुप्फुसांकडे रवाना करते. डावे बिऱ्हाड फुप्फुसांतून आलेले लालभडक रक्त घेते आणि साऱ्या शरीरात धाडते. दोन्ही बिऱ्हाडांची भिंत एक, पण तिच्यात दार नाही. शेजारच्या खोलीत जायचे तर फुप्फुसांना वळसा घालूनच जावे लागते. सुरीने आडवा छेद घेतला तेव्हा या दोन बिऱ्हाडांची ऐपतही दिसून आली. डाव्या निलयाची भिंत बोटभर जाड, मांसल आणि घट्ट होती, तर उजव्याची तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच असून ती डाव्याला शाल गुंडाळावी तशी बिलगली होती. एकाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचे असते, दुसऱ्याला टाचेपासून टाळूपर्यंत. ज्याचा मुलूख मोठा त्याची फौज मोठी.

परंतु ज्या वस्तूसाठी हा सारा खटाटोप केला होता, ती म्हणजे झडप. ओसरी आणि घर यांच्यामध्ये उजवीकडे तीन पाकळ्यांची आणि डावीकडे दोन पाकळ्यांची झडप असते. पाकळ्यांच्या कडांना पांढरे, चिवट दोर जडलेले असतात आणि त्यांची दुसरी टोके निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या मांसाच्या खुंट्यांना बांधलेली असतात, म्हणजे आतून कितीही रेटा आला तरी पाकळ्या ओसरीकडे उलट्या फिरत नाहीत. निलयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या नळांच्या तोंडाशी मात्र दोर नाहीत. तेथे चंद्रकोरीच्या आकाराचे तीन-तीन खिसे आहेत. मी त्यांपैकी एकाच्या, म्हणजे महारोहिणीच्या, जाड, कापली तरी उघडीच राहणाऱ्या तोंडातून लोटीने पाणी ओतले. ते निलयात उतरले नाही. तिन्ही खिसे फुगून एकमेकांना भिडले आणि पाणी दारातच अडून राहिले. खालून, कापलेल्या घराच्या बाजूने पाहिले तर मधोमध तीन रेघा जुळलेल्या दिसत होत्या. थोड्या वेळाने पातळी हळूहळू उतरू लागली, तेव्हा झडप गळते की काय अशी शंका आली. पण पाणी दुसरीकडूनच, हृदयाच्या अंगावरून जाणाऱ्या चरबीच्या रेषांतल्या कापलेल्या बारीक नळ्यांतून पाझरत होते. खिशांच्या किंचित वर, महारोहिणीच्या भिंतीत, दोन भोके होती. साऱ्या शरीराला शिधा वाटणारा हा कोठीवाला आपला स्वतःचा वाटा दारातच काढून घेतो, तो याच दोन भोकांतून. आणि त्यांतून निघणाऱ्या, जेमतेम काडीएवढ्या रोहिण्यांत अडथळा आला की ज्याला आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो तो येतो. आतल्या दालनांतून एवढे रक्त वाहत असताना हृदयाच्या जाड स्नायूला त्यातले काही परस्पर उचलता येत नाही, हे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. शिवाय डाव्या निलयाला हा वाटा बहुतांशी विश्रांतीच्या क्षणी मिळतो, कारण आकुंचन पावताना तो आपल्याच नळ्या दाबून धरतो.

वैद्य छातीला नळी लावून जे दोन ध्वनी ऐकतात, तेही या दारांचेच आहेत. पहिला, ओसरीकडची दारे मिटल्याचा. दुसरा, चंद्रकोरी मिटल्याचा. काळजाचा ठोका चुकला असे आपण म्हणतो खरे, पण काळजाला ठोका नाही आणि हृदयाचा ठोका म्हणजे दार लागल्याचा आवाज.

दारे एकाच दिशेने उघडतात याचा अर्थ काय, हा प्रश्न ज्याने शेवटास नेला तो विल्यम हार्वे. इटलीतील पादुआच्या विद्यापीठात तो शिकत असताना त्याचे गुरू फाब्रिसियस शिरांमधल्या बारीक झडपांचा अभ्यास करीत होते. 1603 मध्ये त्यांनी त्यांवर पुस्तकही काढले, परंतु रक्त हातापायांत भसकन उतरू नये म्हणून निसर्गाने घातलेले हे बांध आहेत, एवढाच अर्थ त्यांनी लावला. शिष्याने पाहिले की हे बांध नव्हेत, दरवाजे आहेत, आणि सगळे हृदयाच्या दिशेनेच उघडतात. आपल्याला ही कल्पना सुचली ती शिरांच्या झडपांवरून, असे हार्वेने वृद्धापकाळी रॉबर्ट बॉईलला सांगितले होते. मग त्याने एखाद्या जुन्या मुनशीसारखा जमाखर्च मांडला: एका ठोक्याला अर्धा औंसच रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात हजार ठोके मोजले, तरी 500 औंस होतात. एवढे रक्त देहात नसते, आणि एवढे अन्न खाऊन ते दर अर्ध्या तासाला नवे बनवणे कोणाच्याही यकृताला साधणारे नाही. म्हणजे रक्कम नवी नाही, तीच फिरते आहे. प्रत्यक्षात एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, म्हणजे त्याने धरल्याच्या चौपटीहून जास्त रक्त जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला पाचेक लिटर ढकलते आणि अंगात असलेले एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते. हा हिशेब 1628 साली, शिवजन्माच्या दोन वर्षे आधी, फ्रँकफुर्ट येथे 72 पानांच्या एका लॅटिन पुस्तकात छापला गेला. पुस्तक इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाला अर्पण केलेले असून, राजा राज्याचे हृदय आहे असे त्यात म्हटले होते. 

पुस्तकातला एक प्रयोग वाचकाला घरबसल्या करता येईल. दंडावर फडके बेताने आवळून मूठ मिटा, म्हणजे हातावरच्या शिरा फुगतील आणि मध्ये मध्ये गाठी दिसतील. त्या गाठी म्हणजे झडपा. मनगटाच्या बाजूला एक बोट शिरेवर दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे, पुढल्या गाठीच्या पलीकडे निपटून सोडा. मधला तुकडा रिकामा, चपटा राहतो. वरून रक्त परत उतरत नाही. खालचे बोट उचलताच तो भरतो. माझ्या हातावर, आता वयाने कातडी पातळ झाल्यामुळे असेल, हे सारे छापील चित्रासारखे स्पष्ट दिसते.

हृदयातून नेणाऱ्या वाहिन्यांना आपल्याकडे धमनी किंवा रोहिणी, आणि परत आणणाऱ्यांना शिरा किंवा नीला म्हणतात. धमनीचा धातू फुंकण्याचा आहे आणि ग्रीकांनाही ती वायूची नळी वाटली होती, कारण मृत्यूनंतर तिच्यात रक्त फारसे उरत नाही. रोहिणी म्हणजे तांबडी आणि नीला म्हणजे निळी ही जोडी कानाला गोड आहे, पण तिने आणि शाळेतल्या तक्त्याने मिळून एक गैरसमज पसरवला आहे: रक्त कधीच निळे नसते. तसेच परतीच्या रक्ताला 'अशुद्ध' म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. विश्रांतीत असलेल्या माणसाच्या त्या रक्तात प्राणवायूचा सुमारे तीन-चतुर्थांश साठा शिल्लकच असतो. आणि फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी काळपट रक्त नेते, तेव्हा नाव रंगावरून नसून दिशेवरून ठरते, हे लक्षात ठेवलेले बरे. हृदयाच्या जोराचा धक्का रोहिणीच्या जाड, लवचिक भिंतीला सोसावा लागतो, नीलेला नाही. म्हणून नीलेची भिंत पातळ, पोट मोठे, आणि कोणत्याही क्षणी देहातले निम्म्याहून अधिक रक्त तिच्याकडेच जमा असते.

रोहिणी संपते तेथून नीला सुरू कशी होते, हे हार्वेला दाखवता आले नाही; सूक्ष्मदर्शकावाचून ते दिसणारच नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, माल्पिघी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्यांचे जाळे पाहिले. नाव केसाचे असले तरी त्या केसाहून कितीतरी बारीक आहेत. तांबड्या पेशींना तेथून एकेकीने, अंग चोरून जावे लागते, आणि देहाचा सारा देवघेवीचा व्यवहार त्या अरुंद बोळातच उरकतो.

मग यकृताचा मान सर्वस्वी गेला काय? आतड्यांतून निघणारे रक्त आजही थेट हृदयाकडे जाऊ शकत नाही, त्याला आधी यकृताच्या नाक्यावर जकात चुकवावी लागते. एवढ्यापुरता गेलेन बरोबर होता. आणखी एक गोष्ट अशी की गर्भावस्थेच्या मधल्या महिन्यांत रक्तपेशी घडवण्याचे मुख्य कामही यकृतच करीत असते, आणि नंतर ते हाडांतल्या मज्जेकडे जाते. त्याच काळात, फुप्फुसे अद्याप बंद असल्यामुळे, दोन ओसऱ्यांच्या मधल्या भिंतीत एक झडपेची खिडकी उघडी असते. पहिला श्वास घेतला की डावीकडचा दाब वाढून ती मिटते आणि बहुतेकांत कायमची सांधली जाते. वर्तमानपत्र गुंडाळण्यापूर्वी मी बोकडाच्या हृदयाची ती भिंत पडवीच्या उजेडासमोर धरली. तीत बोटाच्या ठशाएवढा एक पातळ, उजेड झिरपू देणारा खळगा होता, आणि नखाने चाचपले तर त्याची कड अजून लागत होती.