गणिताचा शिक्षक शाळेत टिकत का नाही?

या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की मी स्वतः पळालेला शिक्षक आहे.

१९७२ साली बी.एस्सी. होऊन मी उरण तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवायला लागलो. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ही तेव्हा आमची मुंबईची वाट. दोन वर्षांनी त्याच लाँचनं एम.ए. करायला गेलो आणि शाळेत परत आलो नाही. लोकांना वाटलं, पगार कमी म्हणून गेला. पगार कमी होताच. पण त्याआधी नववीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, ऋण गुणिले ऋण धन का?" मी म्हणालो, "नियम आहे." ती गप्प बसली. उत्तर दोन ओळींचं आहे: २ आणि ऋण २ यांची बेरीज शून्य, म्हणून तिला ऋण ३ नं गुणलं तरी शून्यच, आता ऋण ३ गुणिले २ ऋण ६ होतात, तर दुसरा गुणाकार धन ६ असल्याशिवाय शून्य जुळणार कसं? पण मला ते तेव्हा येत नव्हतं, आणि विचारायला शिक्षकखोलीत कुणी नव्हतं. शाळेतला गणिताचा माणूस मीच! असे प्रश्न साचत गेले की वर्गात जायची भीती वाटते. ती भीती कुणी राजीनाम्यात लिहीत नाही.

पगाराचं महत्त्व मी कमी करत नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षं मानधनावर. माध्यमिकला ते ८,००० रुपये होतं, २०२३ मध्ये १८,००० झालं. शेजारी बंदर, ओएनजीसी, कंटेनर यार्ड. इथला बी.एस्सी. झालेला मुलगा काय हिशेब करेल, सांगायला नको, आणि त्याचा हिशेब चूकही नाही. त्यागावर शाळा किती दिवस चालवणार? पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी २० वर्षं थोडक्या वेतनावर शिकवायचं ठरलं होतं. वेतन आणि बाहेरची कामं यांवरून तिथेही वाद झाले, आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. गणिताचे शिक्षकच की ते!

पण समजा, पगार चांगला झाला. मग? आपल्याकडे रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या बाईंना गणित भाग एक, भाग दोन आणि वर विज्ञान, असं सगळं दिलं जातं. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, तरी एक गोष्ट त्यात पुरेशी येत नाही. उदाहरण इथलंच घेतो.

उरणमध्ये शेकडेवारी शिकवायला पुस्तक लागत नाही. १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड आले. हा आकडा घराघरात आहे. तर एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, ५ गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के कपात. हातात किती? एखादा मुलगा लिहितो, "४० चे ३० टक्के १२. पाचातून बारा जात नाहीत." दुसरा साडेबारातूनच तीस वजा करायला बसतो. शिक्षक फुली मारतो आणि रीत लिहितो: ५ चे ३० टक्के दीड, उरले साडेतीन. झालं. पण दोघांच्या चुका वेगळ्या आहेत, बघा. पहिल्याला टक्के म्हणजे कशाचा तरी हिस्सा हे कळलंय, कशाचा ते चुकलंय. दुसऱ्याला टक्का ही रुपयासारखी सुटी वस्तू वाटते. दोघांना एकच उत्तर देऊन कसं चालेल?

चूक वाचण्याचं हे ज्ञान बी.एस्सी.च्या गणितात नाही, बी.एड.च्या मानसशास्त्रातही नाही. ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकानं १९८६ मध्ये त्याकडे लक्ष वेधलं: विषय शिकवता येण्यासाठी लागणारं विषयाचंच वेगळं ज्ञान. ते वह्या समोर ठेवून, दुसऱ्या गणितवाल्याशी भांडत येतं. एकट्याला फार हळू येतं, बहुधा नोकरी सोडल्यावर.

आपल्याकडे हे झालेलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं, आणि डॉ. व्ही. जी. कुलकर्णींच्या काळात त्या केंद्रानं जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला ग्रामीण माध्यमिक शाळांच्या शिक्षकांबरोबर काम केलं. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतली वंचित घरांतली मुलं घेतली, तेव्हा दिसलं की विज्ञानाआधी पुस्तकाची भाषाच आडवी येते. ती सोपी केली की मुलांना विषय कळू लागतो. हे केंद्र आज मानखुर्दला आहे. १२ जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकल सुटते. नेरूळला गाडी बदलली की मानखुर्द.

माझी मागणी छोटी आहे. महिन्यातून एक शनिवार तालुक्यातल्या आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञान शिक्षकांनी एकत्र बसावं. प्रत्येकानं चुकलेल्या पाच वह्या आणाव्यात. परिपत्रकं वाचायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. आणि तो दिवस कामाचा धरावा, कारण रविवारी किंवा शाळा सुटल्यावर बोलावलंत तर घरी म्हातारी माणसं आणि मुलं असलेल्या बाई येऊ शकणार नाहीत, आणि या विषयांच्या वर्गांवर आज पुष्कळदा त्याच उभ्या असतात.