लाजाळू आहात? तरी ‘लार्प’ खेळता येतो. पहिली भूमिका अशी निवडा

चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. तरीही एखाद्या गोष्टीत शिरून दोन तास दुसऱ्याच माणसाचे आयुष्य जगून बघावे, असे वाटते. अशांना ‘लाइव्ह अ‍ॅक्शन रोल-प्ले’ म्हणजेच ‘लार्प’ या खेळाचे कुतूहल असते. मात्र ‘आपल्याला अभिनय कुठे येतो?’ या विचाराने पाऊल अडते. खरे तर या खेळाला अभिनय लागत नाही. लागते ती नेमके काम असलेली एक छोटी भूमिका.

लार्प म्हणजे काय?

प्रत्येक खेळाडूला एक भूमिका मिळते. तिचे नाव, तिला काय हवे आहे आणि ती काय लपवते आहे, एवढेच आधी सांगितले जाते. संवाद लिहिलेले नसतात. ठरलेल्या वेळेत खेळाडू त्या माणसासारखे बोलतात, भांडतात, निर्णय घेतात. शेवट कोणालाच माहीत नसतो.

१९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. त्यात टेबलाभोवती बसून पात्रे रंगवली जात. पुढे खेळाडू टेबल सोडून मैदानात उतरले. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ हा खेळ सुरू झाला. १९९७ मध्ये ओस्लोत ‘क्नुटेपुंक्ट’ हे संमेलन भरले आणि नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांत तलवारबाजीपेक्षा माणसांच्या नात्यांवरचे खेळ बहरले. डेन्मार्कमध्ये तर २००६ पासून एक निवासी शाळा रोल-प्लेच्या आधारे विषय शिकवते.

आपल्याकडे असे काही आहे?

भातुकलीत ‘तू आई, मी बाबा’ म्हणताना आपण हेच करत होतो. ‘राजा-मंत्री-चोर-शिपाई’मध्ये चिठ्ठी उघडून चेहरा कोरा ठेवणे हाही लपवलेल्या भूमिकेचाच खेळ.

सिंधुदुर्गातल्या दशावतारात आख्यान ठरलेले असते, पण बरेचसे संवाद नट रंगमंचावरच रचतात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात माणूस मुखवटा चढवून देवाचे किंवा राक्षसाचे सोंग घेऊन नाचतो. मुखवट्याआड एरवीचा अबोल माणूसही मोकळा होऊ शकतो. फरक एवढाच, की दशावतार आणि बोहाडा बघायला गाव जमते. लार्पला प्रेक्षक नसतात.

लाजाळू माणसाला हे सोपे का जाते?

पहिले कारण हेच: बघणारे कोणी नाही. खोलीतला प्रत्येक जण आपल्या भूमिकेच्या अडचणीत गुंतलेला असतो. तुम्ही अडखळलात तर ते पात्र अडखळले, इतकाच अर्थ निघतो.

दुसरे कारण म्हणजे बोलायला विषय हातात असतो. अनोळखी माणसाशी काय बोलावे, हा लाजाळू माणसाचा नेहमीचा पेच. इथे ‘ती चिठ्ठी कोणी लिहिली ते शोधा’ असे काम मिळालेले असते.

खारदांड्यासारख्या वस्तीत दारोदारी ओळखीची माणसे. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिथे जरा जवळून येतो. म्हणून पहिला खेळ एखाद्या विश्वासू मित्रासोबत, बंद खोलीत, पाच-सहा जणांतच खेळलेला बरा.

पहिली भूमिका कोणती घ्यावी?

राजा, खलनायक किंवा पुढारी नको. निरोप्या, वैद्य, पहारेकरी, हिशेबनीस अशी भूमिका मागा. तिला काम असते आणि दर मिनिटाला बोलावे लागत नाही. आयोजकाला आधीच हे विचारा:

- खेळ किती वेळ चालेल, किती जण असतील?
- अंगाला स्पर्श होतो का? नको असेल तर सांगायचे कसे?
- कोणते नाजूक विषय येतील?
- मधेच बाहेर पडता येते का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे जाऊ नका. जागा अनोळखी असेल तर पत्ता आणि परतायची वेळ घरी सांगून निघा.

घरच्या घरी करून बघा: बंदरावरची बैठक

पाच जण, चाळीस मिनिटे, खर्च शून्य. प्रसंग असा: ऑगस्ट सुरू झाला आहे, पावसाळी मासेमारीबंदी उठली आहे. वादळी वाऱ्याचा इशारा आला आहे. उद्या पहाटे बोट न्यायची की नाही, हे मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत ठरवायचे आहे.

- बोटमालक: कर्जाचा हप्ता थकला आहे, हे घरी माहीत नाही.
- तांडेल: अनुभवी आहे; पण हल्ली नजर अधू झाली आहे, ते लपवतो.
- मासळी विकणारी कोळीण: ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेऊन बसली आहे.
- नवा खलाशी: पहिलीच खेप, भीती वाटते, पण कबूल करायचे नाही.
- सोसायटीचा चिटणीस: बैठकीची नोंद लिहितो आणि शेवटी मतदान घेतो.

लाजाळू खेळाडूने चिटणीस व्हावे. हातात वही असते, मान खाली घालून लिहिता येते आणि प्रत्येकाला निदान एक प्रश्न विचारणे हे त्याचे कामच असते. बाकीच्यांनी आपले गुपित चिठ्ठीवर वाचून घडी करून ठेवावे. पहिली दहा मिनिटे सगळ्यांनाच हसू येईल. ते येऊ द्या, मग आपोआप थांबते.

नको वाटले तर?

अनेक गट ‘कट’ आणि ‘ब्रेक’ हे दोन शब्द वापरतात. ‘कट’ म्हटले की खेळ तिथेच थांबतो. ‘ब्रेक’ म्हणजे जरा हळू, याच दिशेने पुढे नको. समोरचा ठीक आहे का, हे न बोलता विचारायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवतात. उत्तरात अंगठा वर नसेल, तर त्याला खेळाबाहेर घेऊन विचारपूस करायची. नवख्याने हे शब्द वापरायला लाजू नये. ते त्याच्यासाठीच आहेत.

खेळ संपल्यावर लगेच उठू नका. भूमिकेतला राग किंवा दुःख खेळाडूत झिरपते. त्याला ‘ब्लीड’ म्हणतात. दहा मिनिटे चहा घेत, खऱ्या नावाने एकमेकांशी बोला. बैठकीत तुमच्यावर ओरडणारा तांडेल होता, तुमचा मित्र नव्हे, हे तेव्हा स्पष्ट होते.

हा उपचार आहे का?

नाही. लाजाळूपणा हा स्वभाव आहे, आजार नव्हे. पण लोकांच्या भीतीने कॉलेज, नोकरी किंवा घराबाहेर पडणेच बंद झाले असेल, तर खेळाच्या भरवशावर राहू नका. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. लार्पमधून मिळते ते इतकेच: बोलून बघायची एक जागा, जिथे चूक झाली तरी ती पात्राच्या खात्यात जमा होते.