हौसेची सुरी

तुमच्या घरी सुरी असेल. ती हातात घ्या आणि एक पिकलेला टोमॅटो कापून पाहा. सुरी नुसती टेकवून ओढली आणि साल चिरली गेली, तर सुरीला धार आहे. टोमॅटो आधी चेपला, रस बाहेर आला आणि मग साल फाटली, तर ती सुरी नव्हे. ती नुसती पट्टी आहे.

आमच्या घरात अशा पाच पट्ट्या आहेत. त्या आम्ही स्वतः पैसे मोजून आणल्या. त्याची ही हकीकत.

आम्ही शाळामास्तर. जुने मॅट्रिक. परळच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. लालबागच्या चाळीत वाढलो. चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि २०११ साली आम्हांला चौदाव्या मजल्यावर घर मिळाले. नवे घर, नवा ओटा. मग हत्यारेही नवी हवीत असे मनाने घेतले. दादरला एक प्रदर्शन भरले होते. तिथे एक गडी सुऱ्या विकत होता. त्याने सुरीने चपलेचा तळवा कापला, लाकडावर दोनदा घासली आणि त्याच सुरीने टोमॅटोचे पापडासारखे काप काढले. भोवतीचे लोक टाळ्या वाजवू लागले. आम्हीही वाजवल्या. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सहा सुऱ्या घेऊन घरी आलो.

गंमत कशात होती ते पुढे कळले. त्याच्या हातातली सुरी दातेरी होती. करवतीला दाते असतात तसे बारीक दाते. दातेरी पाते चपलेवर घासले तरी दात्यांच्या मधल्या खाचा शाबूत राहतात, म्हणून ते कापत राहते. पण आपल्या सहांत दातेरी सुरी एकच. बाकीच्या साध्या. आणि दातेरी सुरीचे दाते एकदा झिजले की नाक्यावरचा धारवाला तिला धार लावून देत नाही.

घरात एक जुनी सुरी होती. काळी पडलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली. ती आम्ही भंगारवाल्याला देऊन टाकली. जुन्या स्टोव्हबरोबर तिचेही वजन झाले. वेगळे पैसे काही आले नाहीत.

त्या वर्षी खंडेनवमी आली. गिरणगावात हा दिवस मोठा. गिरण्या चालू होत्या तेव्हा यंत्रांची पूजा व्हायची. घरोघरी हातोडी, पक्कड, विळी, कात्री पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे. आम्ही नवा ठोकळा मांडला. आमच्या मंडळींनी विचारले, "मामंजींची सुरी कुठं आहे?" आम्ही गप्प राहिलो. त्या समजल्या. दिवसभर घरात कोणी फारसे बोलले नाही.

ही झाली घरातली गोष्ट. पण आमच्या हौसेची किंमत दुसऱ्याने मोजली, ती आम्हांला जास्त लागते. आमच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. वीस-बावीस माणसांचे डबे करून घर चालवतात. त्यांनी आमचा ठोकळा पाहिला आणि विचारले, "भावजी, घेऊ का हो मी पण?" आम्ही म्हणालो, "जरूर घ्या." मास्तरांनी सांगितले म्हणून त्यांनी घेतला. चार महिन्यांनी लाल भोपळा चिरताना सुरी सालीवरून घसरली आणि डाव्या अंगठ्यात शिरली. केईएममध्ये नेऊन टाके घातले. दहा दिवस डबे बंद. तेवढ्यात तीन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, ती परत आली नाहीत. वहिनींनी आम्हांला एका शब्दाने बोल लावला नाही.

तुम्ही म्हणाल, सुरीला धार जास्त होती म्हणून हात कापला. उलट आहे! धार नव्हती म्हणून कापला. धारदार सुरी सालीत लगेच रुतते. तिला जोर लागत नाही, म्हणून ती हातात राहते. बोथट सुरी रुतत नाही. मग आपण दाबतो. दाबता दाबता ती सटकते, आणि सगळा जोर समोर येईल त्यावर पडतो. समोर बहुधा दुसऱ्या हाताचे बोट असते. भोपळा, सुरण, कच्चा फणस, नारळाची वाटी, असले कठीण काम असेल तेव्हा तर हमखास.

आमच्या इमारतीखाली एक धारवाला येतो. सायकल उभी करतो, पेडल मारतो, दगडाचे चाक गरगर फिरते. आम्ही आमची सुरी त्याला दिली. त्याने ती चाकावर धरली, ठिणग्या पाहिल्या आणि मान हलवली. "मास्तर, इसमें पानी नहीं है." आठ दिवसांत धार गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली.

हे पाणी म्हणजे काय? आपण पाणीदार माणूस म्हणतो, तो शब्द आणि हे पाणी सख्खे आहेत. पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडा कार्बन. कार्बन म्हणजे कोळशातले मूळ द्रव्य. खिडकीच्या गजाच्या लोखंडात कार्बन अगदी कमी, शंभर भागांत पाव भागही नसतो. चांगल्या सुरीच्या पोलादात तो शंभरात अर्ध्यापासून एक भागापर्यंत असतो. दिसायला फरक नाही, पण करामत त्या एवढ्याशा कार्बनाची. असे पोलाद लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडवले की ते फार कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताने तापवतात. ठिसूळपणा कमी होतो, कठीणपणा बराचसा राहतो. लोहार याला पोलादाला पाणी देणे म्हणतात. पाणी नीट बसले तर धार टिकते. कार्बनच कमी असेल, तर कितीही बुडवा, पाणी बसत नाही.

आता स्टेनलेस स्टील. इंग्लंडात शेफिल्ड नावाचे गाव सुऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथे १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली याने न गंजणारे पोलाद केले. त्यात क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो, शंभरात दहा-साडेदहा भागांहून जास्त. क्रोमियमचा एक अदृश्य पापुद्रा पोलादावर बसतो आणि गंज अडवतो. पण न गंजणारे सगळेच पोलाद सुरीचे नसते, हे ध्यानात ठेवा. आपल्या घरातली बरीच ताटे-वाट्या ज्या स्टीलच्या, त्यात क्रोमियमबरोबर निकेल असते. ते छान चकाकते, पण तापवून बुडवले तरी कठीण होत नाही. त्याची सुरी केली तर ती चमच्याइतकीच कापणार. ओळखायला एक सोपी युक्ती आहे. लोहचुंबक लावा. निकेलचे स्टील त्याला जवळजवळ चिकटत नाही. सुरीचे पोलाद चिकटते. मात्र चिकटले म्हणजे उत्तम, असेही नाही. साधा गजही चिकटतो. चुंबकाने नापास करता येते, पास नाही.

आता त्या काळ्या सुरीबद्दल सांगतो. आमचे वडील परळच्या एका गिरणीत वर्कशॉपमध्ये होते. लोखंड कापायची यंत्राची करवत असते. तिचे पाते तुटले की फेकून देत. ते पोलाद लोखंड कापण्यासाठीच केलेले. त्यात टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमसारखे धातू घातलेले असतात, ते तापले तरी नरम पडत नाही. कामगार असा तुकडा मागून घेत, दाते घासून काढत आणि चाकावर धार काढत. वडील सांगायचे, "घाई करायची नाही. दोनदा घासायचं, पाण्यात बुडवायचं. पातं निळं पडलं की मेलं." साध्या पोलादाचे तसेच होते. चाकावर जास्त तापले, कडेला निळा डाग आला, की तेवढ्या जागेचे पाणी उतरले. धारवाल्याकडे सुरी द्याल तेव्हा हे पाहत चला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील परत कामावर गेलेच नाहीत. गिरणीतून घरी आलेली वस्तू म्हणजे ती सुरी. संपाच्या दिवसांत आई लोकांना कांदे, कोबी चिरून द्यायची, ते तिच्यावरच. ती आम्ही भंगारात घातली. का? तर ती काळी होती आणि नव्या ओट्यावर शोभत नव्हती.

आमच्यासारखे पस्तावलेले आणखी आहेत. गिरगावातले आमचे एक स्नेही सुऱ्यांचे शौकीन. त्यांनी पांढरी शुभ्र चिनीमातीची सुरी घेतली. असल्या सुऱ्या जपानात १९८०च्या दशकात निघाल्या. ती झिर्कोनियम या धातूच्या ऑक्साइडची भुकटी भाजून केलेली असते. गंज नाही, लिंबाने डाग नाही, आणि धार महिनोन् महिने टिकते. पण वाकणे तिला माहीत नाही. यांच्या हातून मोरीत पडली आणि टोक उडाले. धार लावायला हिऱ्याची भुकटी बसवलेला दगड लागतो, तो नाक्यावर कुठून असणार?

मग त्यांनी लाटालाटांची नक्षी असलेली "दमास्कस" सुरी आणली. या नावामागे आपल्याच देशाची कथा आहे. दक्षिण हिंदुस्थानात आणि तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावी मुशीत वितळवून एक पोलाद करीत. ते इराण-अरबस्तानात जाई, तिथल्या तलवारींवर अशी नक्षी उमटे. आज दमास्कस म्हणून विकतात ते बहुधा दोन प्रकारचे पोलाद घडीवर घडी घालून जोडलेले असते. तेही चांगले असू शकते. पण आमच्या स्नेह्यांच्या सुरीवर नक्षी नुसती वरवर उमटवलेली होती. महिनाभर घासणीने घासली आणि सुरी गुळगुळीत झाली. खरी नक्षी घासून गेली तरी तेजाबाने परत उठते, कारण ती आतपर्यंत असते.

तिसरी गोष्ट गमतीची नाही. आमचा एक माजी विद्यार्थी, चांगला मुलगा. त्याने खटका दाबला की उघडणारा रामपुरी चाकू घेतला. उत्तर प्रदेशातले रामपूर या चाकूंसाठी नावाजलेले, आणि हिंदी सिनेमाने त्याला आणखी नाव दिले. पोरगा तो खिशात घालून गणपतीच्या गर्दीत फिरायला गेला. नाक्यावर झडती झाली. रात्र चौकीत गेली, वर्षभर कोर्टाच्या खेपा झाल्या आणि हाताशी आलेली नोकरी गेली. "सर, मी कुणाला मारणार नव्हतो," असे तो म्हणाला. आमचा त्याच्यावर विश्वास आहे. पण कायदा असा. १९५१ सालच्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली पोलीस मनाई हुकूम काढू शकतात. तो लागू असताना सार्वजनिक जागी सुरी-चाकू बाळगणे गुन्हा होतो. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूची गणना शस्त्रांत आहे. घरकाम, शेती, कारखाना यांसाठीच केलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. तेव्हा बाजारातून भाजीची सुरी आणायची तर कागदात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, पावतीसकट आणा आणि थेट घरी या.

दुकानात काय पाहावे? चकाकी पाहू नका. मूठ धरून पाहा, ओल्या हाताने धरायची आहे हे लक्षात ठेवून. पात्याचे शेपूट मुठीत कुठवर गेले आहे ते विचारा. बोटभर गेले असेल तर मूठ लवकर हलू लागते. शेवटपर्यंत गेले आणि खिळ्यांनी पक्के असेल तर पिढी काढते. सहा सुऱ्यांच्या ऐवजी एक मध्यम घ्या आणि उरल्या पैशांत एक निसणा घ्या. निसण्यावर पाणी टाकून, पाते थोडे तिरके धरून, दोन्ही बाजूंनी सारखे ओढायचे. आठवड्याला पाच मिनिटे. भाजी लाकडी फळीवर चिरा. कडाप्प्यावर किंवा ग्रॅनाइटवर चिराल तर चांगली धारही दोन दिवसांत जाईल. न गंजणारी नसेल तर लिंबू-कैरी कापून झाल्यावर धुऊन पुसून ठेवा.

आणि विळी? विळीला आम्ही आजही मान देतो. पाते पायाखाली पक्के, दोन्ही हात भाजीला मोकळे. पण साठी उलटलेल्या गुडघ्यांना खाली बसवत नाही, हेही खरे. वहिनी मात्र परत विळीवर गेल्या. आता ओट्यावर ठेवायची विळी मिळते, ती त्यांनी घेतली. या वेळी आम्हांला विचारले नाही.

परवा लालबागच्या बाजारात एक म्हातारी भाजीवाली लाल भोपळ्याच्या फोडी करीत होती. भोपळा लोण्यासारखा कापत होता. तिच्या हातात काळी सुरी होती, मुठीला कापडाची पट्टी. पाठीकडे पाहिले तर घासलेल्या दात्यांच्या खुणा दिसत होत्या. आम्ही विचारले, "कुणी केली?" म्हणाली, "आमच्या मालकांनी. गिरणीत होते." आम्ही धीर करून विचारले, "विकणार का? सांगाल ती किंमत देतो."

तिने भोपळ्याची फोड आमच्या पिशवीत टाकली. "मास्तर, भोपळ्याचे तीस झाले," ती म्हणाली, आणि सुरी पदराला पुसून गोणपाटाखाली ठेवली.