बाणाचं टोक नखाएवढं

पहिला वळीव पडून गेला की आमच्या जिंतूरकडची बरड रानं दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळीच दिसतात. माती खाली बसलेली असते, खडे धुऊन वर आलेले असतात आणि तिरप्या उन्हात काळ्या दगडांमधल्या गारगोट्या लांबूनही डोळ्यांत भरतात. पांढऱ्या, दुधी, मधाच्या रंगाच्या, एखादी शेंदरी. पेरणीआधीचे जेमतेम काही दिवस हे असं असतं. मग पीक उगवतं आणि सगळं झाकलं जातं.

लहानपणी आम्ही दोन गारगोट्या घेऊन अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर घासायचो. आतून उजेड चमकायचा आणि जळका वास यायचा. आदिमानवाची हत्यारं याच दगडाची असत, हे शाळेत कळलं आणि मी बाणाची टोकं शोधायला लागलो. पुस्तकातल्या चित्रात ते टोक पिंपळाच्या पानासारखं होतं, बुडाला दोन्हीकडे खाचा. तसलं टोक मी कित्येक उन्हाळे शोधलं. एकही मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं. ते चित्र अमेरिकेतल्या टोकाचं होतं.

तिकडे शेतात, ओढ्याकाठी अशी टोकं वेचणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद आहे. सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची ‘क्लोविस’ टोकं तर बोटाएवढी लांब असतात. दोन्ही अंगांनी घडवलेली, बुडाशी पन्हळ काढलेली. ती भाल्याची, बाणाची नव्हेत. पण एक दगड म्हणजे एक टोक, हा हिशोब तिकडे सरळ आहे. आपल्या दख्खनच्या शिकाऱ्यानं वेगळी वाट धरली होती. त्यानं दगडाची लहान लहान पाती काढली, ती तोडून त्रिकोण, चंद्रकोरी, समलंब चौकोन केले आणि झाडाच्या डिंकानं किंवा राळेनं ते लाकडी काठीच्या खाचेत बसवले. एक तुकडा टोकाला, दोन-तीन बाजूंना काट्यांसारखे. तुकडा नखाएवढा, फार तर दीड-दोन पेरांचा. एखादा तुटला तर तेवढाच बदलायचा, बाण तोच. अभ्यासक यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात. काठी कुजून गेली, डिंक उडून गेला, आणि आपल्या वाट्याला आली ती फक्त ही दगडी नखं. पिंपळपान शोधणाऱ्याच्या पायाखालून ती सहज निसटतात. माझ्या निसटलीच.

ती बाणालाच लावत, हे कशावरून? उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यात सराई नाहर राय इथे १९७० च्या दशकात मध्याश्मयुगीन दफनं उघडली गेली. त्यात एका सांगाड्याच्या बरगडीत असाच दगडी तुकडा रुतलेला होता. दुसरा पुरावा भीमबेटकाच्या भिंतींवर आहे. नीमचला जन्मलेल्या वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये ते शैलाश्रय जगापुढे आणले. तिथल्या चित्रांतले काही शिकारी जे बाण सोडतात, त्यांना बाजूंनी काटे आहेत.

आता दगडाकडे येऊ, कारण जिंतूरची खरी श्रीमंती तिथेच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार झालं. नेमगिरीचा डोंगर काय आणि येलदरी धरण ज्या पूर्णेवर बांधलं तिचं खोरं काय, सगळं त्याच काळ्या बेसाल्टचं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांमध्ये सिलिका आणून भरली. कुठे अकीक झाला, कुठे दुधी कॅल्सेडोनी, कुठे लाल जास्पर. बेसाल्ट झिजून माती झाला, भरलेले बुडबुडे मात्र झिजले नाहीत. तेच आपल्या गारगोट्या म्हणून रानभर पसरले आहेत. हत्यार करणाऱ्याला दगड आणायला दूर जावंच लागत नव्हतं.

बेसाल्ट फोडला तर तो ओबडधोबड फुटतो. कॅल्सेडोनीचे कण इतके बारीक असतात की ती काचेसारखी फुटते, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या गुळगुळीत वळणानं. मी एकदा डोळ्यांना चष्मा लावून, गुडघ्यावर गोणपाटाच्या चार घड्या घेऊन लिंबाएवढी गारगोटी नदीतल्या गोट्यानं फोडली. सात-आठ घाव फुकट गेले. मग कडेच्या थोडं आत, तिरपा घाव बसला आणि ‘टिच्‌’ असा काच तडकल्यासारखा आवाज आला. मांडीवर एक कपची पडली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी अर्धपारदर्शक. घाव बसला तिथे लहानसा सपाट ओटा. त्याच्या लगेच खाली बोटाला जाणवेल असा फुगवटा. फुगवट्यापासून खाली पसरत गेलेल्या बारीक लाटा, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. आणि उरलेल्या दगडावर त्या कपचीचा नेमका उलटा खळगा. कडेवरून अंगठा फिरवण्याआधीच रक्त आलं होतं.

माणसानं काढलेली कपची ओळखायच्या खुणा याच: ओटा, फुगवटा, लाटा. अभ्यासक कपचीला छिलका म्हणतात आणि जिच्यातून ती निघाली त्या दगडाला गाभा. तरी एकट्या कपचीवर विसंबू नये. नांगराचा फाळ, ट्रॅक्टरचं चाक, खडी फोडणारं यंत्र यांच्याखालीही गारगोटी फुटते आणि चुकून एखादा फुगवटा उमटतो. जुन्या कपचीच्या पृष्ठावर बहुधा मळकट पांढरी झाक चढलेली असते, ताजी फूट लकाकते. सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे बोथट केलेली कड. पात्याची एक कड वस्तऱ्यासारखी आणि समोरची कड बारीक बारीक टवके काढून मुद्दाम मारलेली. बोथट बाजू डिंकात बसायची, धारेची बाहेर राहायची. फाळानं एखादा टवका निघेल, पण एकाच कडेवर ओळीनं, एकाच दिशेनं वीस टवके निघत नाहीत.

अशा पात्याचं वय काय, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. नुसतं पातं बघून ते सांगता येत नाही. मध्य प्रदेशात निमाडातल्या मेहताखेडी इथली सूक्ष्मास्त्रं सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीची ठरली आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं, तिथे पुराणाश्मयुगाच्या अखेरच्या काळापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर मिळाले. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडेही मिळाले, आणि त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा निघाला. शहामृग, आपल्या खानदेशात! पण कॅल्सेडोनीची पाती तिथे थांबली नाहीत. इनामगाव, नेवासे, जोर्वे इथले साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी तांबं वापरत, तरी ते दुर्मिळ आणि महाग. घरातली कापाकापी, पिकाची कापणी ते याच दगडी पात्यांनी करत. म्हणजे हातातलं पातं हरणाच्या शिकारीचं की जवाच्या कापणीचं, हे दगड बोलत नाही. ते बोलते त्याची जागा.

पात्याशेजारी काळ्या रंगानं नक्षी काढलेली तांबूस खापरं असतील तर बहुधा शेतकऱ्याचं घर. उंच बरडावर, खापराचा तुकडाही नसताना गाभे, कपच्या आणि मोडकी पाती एका खाटेएवढ्या जागेत विखुरलेली असतील तर शिकाऱ्याचा तळ असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे गावाला काळी आणि पांढरी असते. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती मुरून झालेली ती माती. माळवदावर टाकायला हीच पांढरी जुन्या टेकाडांतून खणून नेली गेली, आणि तिच्याबरोबर किती खापरं, मणी, पाती मराठवाड्यातल्या छपरांवर चढली असतील, याची मोजदाद कुणाकडे नाही. तो माणसांच्या गरजेचा भाग होता. दोष कुणाला देणार?

गोदावरीच्या खोऱ्याची या अभ्यासातली जागा मात्र फार जुनी आहे. १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडलं आणि भारतातल्या प्रागितिहासाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. त्याच दशकात भूशास्त्रज्ञ विन यांना पैठणसमोरच्या मुंगीजवळ, गोदावरीच्या जुन्या गाळात अकीकाची एक कपची मिळाली. तिच्यावर १८६८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात लेख छापून आला. एका कपचीवर लेख, कारण ती कोणत्या थरात होती हे लिहून ठेवलेलं होतं.

अमेरिकेतल्या फॉल्समची हकीकत मला म्हणूनच जवळची वाटते. न्यू मेक्सिकोत १९०८ च्या पुरानं एक ओहोळ खोल कापला. जॉर्ज मॅक्जंकिन या कृष्णवर्णीय गुराख्याला त्यात प्रचंड हाडं दिसली. गुलामीत जन्मलेला, स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकलेला हा माणूस. ही हाडं आताच्या गव्यांची नव्हेत, हे त्यानं ओळखलं आणि भेटेल त्याला सांगितलं. १९२२ मध्ये तो वारला, तोवर कुणी नीट खोदलं नव्हतं. १९२६ मध्ये खोदकाम झालं, टोकं मिळाली, पण ती हाडांपासून सुटी झालेली. तज्ज्ञांनी मान डोलावली नाही. १९२७ मध्ये एक टोक बरगड्यांच्या मध्ये दिसलं, तेव्हा ते काढलं नाही. तारा करून तज्ज्ञांना बोलावून घेतलं. त्यांनी जागेवर पाहिलं आणि अमेरिकेतल्या माणसाचा इतिहास हजारो वर्षांनी मागे गेला.

माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. शाळेपासून कॉलेजापर्यंत वेचलेले दोनशेच्या वर तुकडे. पिंपळपान नसलं तरी सुबक म्हणून उचललेले. पुढे जाणत्यांच्या मदतीनं ते निवडले, तेव्हा त्यात खरी पाती निघाली, एक सुंदर चंद्रकोरही निघाली. कुठली? चारठाण्याच्या वाटेवरची, की पूर्णाकाठची? मला आठवत नाही. त्या चंद्रकोरीचं मी कायमचं नुकसान केलं आहे, आणि ते भरून काढायला कोणतीही प्रयोगशाळा उपयोगाची नाही.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनीही आयुष्यभर वस्तू जमवल्या. त्यांचा संग्रह एका गावाचा होता, गावातच राहिला, आणि आज तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावानं उभं आहे. हौशी माणसाच्या हातून काय होऊ शकतं, याचं मराठवाड्यातलं हे मोठं उदाहरण. कायद्याचंही भान हवं. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावशेष ठरतात, परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि शेत खणून शोधणं हा छंदच नव्हे. पावसानं वर आणलेलं पाहायचं, तेवढंच.

आता मी फिरतो तेव्हा खिशात वही असते. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडत नाही. काही दिसलं की शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो, मग थोडं लांब जाऊन भोवतालाचा फोटो, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, गाव, गट नंबर, तारीख, मातीचा रंग, जवळ खापर आहे की नाही. पुष्कळ तुकडे एका जागी दिसले तर हे सगळं राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवायचं.

गेल्या वळवानंतर एका बरडावर मधाच्या रंगाचं पातं दिसलं, एक कड बोथट, टोक शाबूत. मी गुडघे टेकून फोटो काढले, वहीत लिहून घेतलं आणि ते होतं तिथेच राहू दिलं. उठताना उजवीकडे नजर गेली. चार पावलांवर त्याच मधाच्या रंगाचा गाभा पडला होता.